सुनंदाबाईंचं वारं

घरात बसवलेल्या कानबाई देवीपुढे दिवा लागला आणि पंखा बंद झाला, तेव्हाच सुनंदाबाईंनी ओळखलं की आज आपलं काही खरं नाही. श्रावणातली दुपार, वीस बायका, एकच खिडकी. आणि दिवा विझू नये म्हणून तीही लावलेली.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती. आता रोज फक्त एक गोळी, पाच वर्षं. गोळी मुगाएवढी, पण कारभार मोठा. सकाळी बोटं अशी आखडायची की भाकरी थापताना पीठच आपल्याला थापतंय असं वाटे. शिवाय दिवसातून सात-आठदा छातीतून आगीचा लोळ निघून डोक्यात चढे. पौषातही त्या गोधडी लाथाडत, आणि शेजारी शालिग्रामभाऊ कानटोपी घालून कुडकुडत.

"आते बरी व्हई गयी ना, मंग गोळी कसाले?" मोठी जाऊ सुंदरबाई रोज विचारी.

सुनंदाबाईंनाही आता तेच वाटू लागलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्रास वाढला तर या, गोळी बदलून बघू, पण मनाने बंद करू नका. तरी उद्या कानबाईबरोबर गोळ्यांचंही विसर्जन करायचं, असं त्यांनी गुपचूप ठरवलं होतं.

आरती सुरू झाली आणि लोळ निघाला. चेहरा लालबुंद, मानेवरून धारा, अंबाडा सुटलेला. भिंतीला हात टेकून त्या कशाबशा म्हणाल्या, "वारं... वारं येऊ द्या."

आरती थांबली.

"वारं उनं वो माय," शेजारची कौतिकबाई पुटपुटली. "सुनंदाच्या अंगात कानबाई उनी."

"अगं, ती गोळी..." असं सुनंदाबाई म्हणेपर्यंत त्यांच्या कपाळावर मूठभर कुंकू बसलं. तीस वर्षांत कधी न वाकलेली सुंदरबाई पायाशी आडवी झाली.

"माय, काय चुकनं आमनं?"

"पंखा," सुनंदाबाई म्हणाल्या.

"दिवा विझी जाई ना," कोणी तरी म्हणालं.

"देवीले शिकवू नको. दिव्याले ताट आडवं धर," कौतिकबाईने दटावलं.

पंखा लागला. सुनंदाबाईंनी डोळे मिटले. खरं सांगून टाकावं असं मनात आलं. पण खरं सांगितलं की पंखा बंद.

तेवढ्यात पायाशी आडव्या पडलेल्या सुंदरबाईने विचारलं, "माय, हिनी गोळी बंद करू का?"

नुसतं 'हो' म्हटलं की सुटका होती. सुनंदाबाईंनी तोंड उघडलं. नारळावर रंगवलेले कानबाईचे डोळे त्यांच्याकडे बघत होते, आणि दारातून शालिग्रामभाऊंचेही. ऑपरेशनच्या दिवशी हा माणूस दवाखान्याच्या जिन्यात चहाचा एकच कप दोन तास हातात धरून बसला होता, असं सून नूतनने नंतर सांगितलं होतं.

"पाच वर्षं घ्यायची," देवी बोलली. "एक दिवस चुकवायची नाही. आणि बोटांचं डॉक्टरला सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शालिग्रामभाऊ तळहातावर गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभे. मागे सुंदरबाई आणि निम्मी गल्ली.

"घे. देवीचा हुकूम आहे."

"अहो, ती देवी नव्हती. मीच होते."

"वारं गयं म्हंजे काही ध्यानात राहत नही," सुंदरबाई सगळ्यांना समजावत म्हणाली.

सुनंदाबाईंनी गोळी गिळली. कौतिकबाईचा तेवढ्याने विश्वास बसेना. तिने जीभ बाहेर काढून दाखवायला लावली.