आठ हजार ऐंशीव्या दाराचं रहस्य

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. आणि सुटलीच, तर ती मुंगी नव्हती असं समजावं."

हे माझ्या सख्ख्या मामाचं स्वतःविषयीचं मत. आमच्याच कंपनीच्या पगारपत्रकावर तो गुणवत्ता तपासनीस आहे, पण स्वतःच्या डोक्यात तो जन्मजात गुप्तहेर. खिशात कायम भिंग असतं. त्यातून तो मोबाईलवरचे मेसेज वाचतो, कारण चष्मा गुप्तहेराला शोभत नाही, असं त्याचं म्हणणं.

आमची कंपनी प्रोग्रॅमिंगचे कोर्स विकते. मी धडे लिहिते. माझ्या पाठीला पाठ लावून झिपवाला बसतो. धड्यासोबत विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरून उतरवून घ्यायची उदाहरणं तोच तयार करून झिप फाईलमध्ये बांधतो, म्हणून हे नाव. पंखा दोनवर ठेवायचा की चारवर, यावरून आमचा सहा आठवडे अबोला होता.

आणि तेवढेच आठवडे सातव्या धड्याचं उदाहरण चालत नव्हतं. धडा सांगायचा, प्रोग्रॅम सुरू करा आणि तीन हजार नंबरच्या दाराने, म्हणजे पोर्टने, आत या. उतरवलेल्या सेटिंगच्या फाईलमध्ये मात्र दार असायचं आठ हजार ऐंशी; पुढच्या आठवड्यात नेमकं उलट. विद्यार्थी बिचारे बंद दारावर थापा मारत बसायचे आणि मग आम्हाला शिव्या घालायचे. मी दर सोमवारी धडा दुरुस्त करायचे, मंगळवारी पुन्हा तक्रारी हजर! मला वाटायला लागलं होतं की माझंच डोकं फिरलंय.

त्या शुक्रवारी माझे उमेदवारीचे सहा महिने संपत होते. मालक सकाळीच बजावून गेले, "पाचला मी स्वतः उदाहरण उतरवून बघणार. चाललं तर तुम्ही कायम. नाही तर सोमवारपासून येऊ नका." घरी आईला मी कधीच सांगून बसले होते की कायम झाल्यातच जमा आहे.

"घाबरू नकोस," मामा म्हणाला. "मी आहे ना."

म्हणून तर घाबरले होते.

अकरापर्यंत त्याला पहिला संशयित सापडला. समोरच्या फुटपाथवर एक छत्रीवाला रोज उभा असतो, म्हणजे तो प्रतिस्पर्धी कंपनीचा हेर! मामा तासभर पडद्याआडून त्याच्यावर नजर ठेवून होता. मग बस आली आणि छत्रीवाला तिच्यात चढून गेला. तिथे बसथांबा आहे. मामा रोज तिथेच उतरतो.

मग त्याने झिपवाल्याला घेरलं.

"सोमवारी तू काय करतोस?"

"काम."

"आणि मंगळवारी?"

"तेच."

मामा माझ्या कानाशी लागला. "जबाब जुळतोय. फारच जुळतोय! खरं बोलणाऱ्याचं कधी इतकं जुळतं का?"

जेवणानंतर त्याने आठ हजार ऐंशीतून तीन हजार वजा केले. उरले पाच हजार ऐंशी. हा नक्की कुणाच्या तरी गाडीचा नंबर असणार, असं म्हणत तो खाली गाड्यांचे नंबर टिपायला गेला. सर्वांत जवळचा नंबर मालकांच्या गाडीचा निघाला, पाच हजार एक्क्याऐंशी. "एका आकड्याने चुकवलाय," मामा फोनवर कुजबुजला. "मुद्दाम!"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात तक्रारींचे फोन घेणाऱ्या काकू पाण्याची बाटली भरायला आमच्यामधून निघाल्या आणि दोघांच्या पडद्यांवर एकच तक्रार उघडी बघून थबकल्या.

"काय गं, तू दर सोमवारी काय बदलतेस?"

"धड्यातला आकडा. फाईलमध्ये असेल तो घालते."

"आणि तू रे?"

"फाईलमधला," झिपवाला म्हणाला. "धड्यात असेल तो घालतो."

काकूंनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "अरे देवा! तक्रार मी दोघांनाही पाठवते, तसा नियमच आहे. म्हणजे तू त्याच्यासारखं करतेस आणि त्याच वेळी हा तुझ्यासारखं करतो? माना वळवून बोलला असतात तर जीभ झडली असती का?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग मी मान वळवली.

"ऐक. तू फाईलला हात लावू नकोस. मी धड्यात आठ हजार ऐंशी करते."

"बरं," तो म्हणाला. मग पंख्याच्या बटणाकडे हात नेत म्हणाला, "पंखा दोनवर चालेल मला."

पाचला मालक आले. त्यांनी उदाहरण उतरवलं, सुरू केलं आणि धडा सांगत होता त्या दारावर गेले. दार बंद!

मी फाईल उघडली. तीन हजार.

"मी हात लावला नाही हो!" झिपवाला ओरडला.

"पुरे झालं," मालक म्हणाले. "सोमवारपासून तुम्ही—"

"थांबा!" मामा उठला. "गुन्हेगार याच खोलीत आहे."

माझ्या तोंडून "मामा, नको रे," असं निघून गेलं.

"वय चौपन्न," मामा बोलतच राहिला, पण आवाज नेहमीचा नव्हता. "न विचारता मदत करायची खोड. दुपारी चारला गाड्यांचे नंबर टिपून तो वर आला. त्याला दिसलं, धड्यात अजून तीन हजारच, फाईलमध्ये आठ हजार ऐंशी. तपासनीस म्हणून पासवर्ड त्याच्याकडे होताच. त्याने कुणाला न सांगता फाईल बदलली. म्हटलं, पोरीची नोकरी वाचेल." त्याने घाम पुसला. "तो मी. तिची काही चूक नाही, साहेब. काढायचंच असेल तर मला काढा."

उभ्या जन्मात मामाने पकडलेला हा पहिला खरा गुन्हेगार. मला रडूही येत होतं आणि त्याचा गळाही दाबावासा वाटत होता.

झिपवाल्याने आकडा पूर्ववत केला. उदाहरण सुरळीत चाललं. मालकांनी माझ्या कायम नेमणुकीच्या कागदावर सही केली आणि पेनाला टोपण लावता लावता म्हणाले, "तपासनीसांना काही कळवलंच जात नाही, हे सगळ्याचं मूळ. सोमवारपासून प्रत्येक तक्रार तिघांनाही पाठवा."

"साहेब," काकू म्हणाल्या, "आणि तिघांनीही बदललं तर?"

मालकांनी पेन खिशाला लावलं.

"मग चौथा नेमू," ते म्हणाले आणि घरी गेले.