गोधडी खात्याचे ठोंबरेकाका

लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसानं तुमच्या ओढणीचं टोक उचललं, दोन बोटांत चोळून बघितलं, उजेडाकडे धरलं आणि "अजून कडक आहे, दोन पावसाळे जाऊ द्या" असं म्हणून ते परत सोडून दिलं, तर तुम्ही काय कराल? मी तिसरा मजला येईपर्यंत काहीच केलं नाही. मग घरात येऊन नवऱ्याला सांगितलं, "समोरचे ठोंबरेकाका कामातून गेले." नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "काल माझ्या शर्टाला नापास केलं त्यांनी. टेरीकॉट आहे म्हणे."

ठोंबरेकाका कामातून गेले नव्हते. उलट नव्या कामाला लागले होते. गेल्या वर्षीच्या दसऱ्यापासून ते गोधड्या शिवतात.

हे मी कोथरूडमध्ये ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांनी "म्हणजे काकू शिवतात ना?" असं विचारून माझी चूक दुरुस्त केली. नाही हो. काकाच शिवतात. सत्तरी ओलांडलेला, भरघोस मिशांचा हा माणूस गॅलरीत सतरंजीवर मांडी घालून बसतो आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून टाके घालतो. तुम्हाला पटत नसेल तर सकाळच्या चहानंतर आमच्याकडे या, आमच्या खिडकीतून सगळं दिसतं. मी मुद्दाम बघते असं नाही. दिसतं.

काका मूळचे अकोल्याकडचे. तरुणपणी नोकरीसाठी पुण्यात आले आणि निवृत्त होईपर्यंत एका कारखान्यात तपासणी खात्यात राहिले. यंत्रांचे सुटे भाग तयार होऊन यायचे, काका ते मापायचे आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' असा शेरा मारायचे. नोकरी संपली, पण शेरे काही संपले नाहीत. सोसायटीला नवं गेट बसवलं, काका म्हणाले, "रिजेक्ट. बिजागरी घासतेय." गणपतीत मी उकडीचे मोदक नेऊन दिले, तर "कळ्या सारख्या नाहीत, पण चालवून घेऊ" असं म्हणत त्यांनी एकापाठोपाठ एक सगळे चालवून घेतले. माझ्या भाचीचा होणारा नवरा घरी आला होता, तेव्हा त्याच्याकडे नीट बघून ते माझ्या कानाशी म्हणाले, "वरवर तरी पास आहे. पुढचं वापरात कळेल." त्या मुलानं ते ऐकलं. लग्न झालं, हे नशीब.

खरं तर गोधड्या हे शांताकाकूंचं राज्य. आमच्या इमारतीत जन्मलेलं प्रत्येक बाळ काकूंच्या गोधडीवर झोपलं आहे. माझा मुलगाही त्यातलाच. आज तो बंगळूरला मोठ्या पगारावर आहे आणि तिथल्या एसीत तीच विटकी गोधडी पायांवर घेतो. पण दोन-तीन वर्षांपूर्वी काकूंच्या हातांना कंप सुरू झाला. औषधानं चहाचा कप धरता येऊ लागला, सुई मात्र धरता येईना. अर्धी राहिलेली गोधडी त्यांनी घडी करून कपाटात टाकली आणि त्या खिडकीपाशी खुर्चीत बसू लागल्या. सकाळी बघावं तर खुर्चीत, संध्याकाळी बघावं तर खुर्चीत. बोलणं तर इतकं कमी झालं की समोरच्या दाराआड माणूस राहतं की नाही अशी शंका यावी.

गेल्या वर्षी दसऱ्याला काकांनी पाटावर पूजेसाठी पाना मांडला, मोजमापाची जुनी हत्यारं मांडली आणि शेजारी काकूंची सुयांची डबी ठेवली. मी सकाळीच सोनं द्यायला गेले होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर झालं. काकू म्हणाल्या, "सुईची पूजा काहून करता? चालवणारे हात गेले."

"हात आहेत की," काका म्हणाले. "हे बघ. तू नुसतं सांग."

आणि कपाटातली ती अर्धी गोधडी काढून ते बसले. सुईत दोरा ओवण्यात सकाळ गेली. दुपारी पहिली ओळ झाली. ती कात्रजच्या घाटासारखी वळणं घेत गेली होती. काकूंनी ती बघितली आणि एकच शब्द उच्चारला, "उसवा."

उभा जन्म दुसऱ्याचा माल परत पाठवण्यात घालवलेल्या माणसाला स्वतःचा माल परत घ्यायची वेळ आली. मला फार बरं वाटलं. मोदक विसरले नव्हते मी.

पुढे तो रोजचाच कार्यक्रम झाला. पुण्यात एवढी वर्षं काढूनही काकू चिडल्या की अकोल्याच्या होतात. "अजी, हा टाका पाहा, रुसल्यावाणी लांब जाऊन बसला. उसवा." काका वाद घालत, मोजपट्टी आणत, टाक्याचं माप काढून दाखवत. "मोजपट्टी पांघरता का तुम्ही?" काकू विचारत. काका उसवत.

कापडासाठी त्यांनी सगळी सोसायटी पालथी घातली. गोधडीला धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच कापड लागतं. तसं कापड कुणाच्या अंगावर दिसलं की काकांच्या डोळ्यांत एक चमक येते आणि ज्याच्या अंगावर ते आहे त्याला उगाच चोरट्यासारखं होतं. संध्याकाळी ते हात मागे बांधून इमारतीभोवती फिरत आणि मान वर करून दोऱ्यांवरचे कपडे न्याहाळत. नव्या वॉचमननं एकदा हटकलं, "काका, काय बघताय?" काका म्हणाले, "ती निळी चादर कुणाची रे? किती दिवसांची सोबती आहे?" वॉचमन दोन दिवस त्यांच्यावर नजर ठेवून होता.

होळीला तर कहर झाला. काकू म्हणतात, गोधडीला पोट असतं. ते उपाशी ठेवू नये. म्हणून शिवण कडेकडून मध्याशी आली की थरांच्या आत पोळीचा वाळका, नखाएवढा तुकडा ठेवायचा आणि मग शिवून टाकायचं. काका हे ऐकून बसले होते. त्या दिवशी काकूंचा डोळा लागलेला, गोधडी मध्याशी आलेली आणि घरात पुरणपोळी. नखाएवढ्यानं कुणाचं पोट भरतं, असा विचार करून काकांनी चांगली चतकोर पुरणपोळी आत ठेवली. वर तूप. शिवून टाकली आणि मोठ्या मनानं आम्हाला भेट दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा नवरा ती पांघरून आडवा झाला आणि थोड्याच वेळात कधी नव्हे इतक्या चपळाईनं उठला. मुंग्या पलंगाच्या पायापासून रांग धरून वर येत होत्या. मी गोधडी दोन बोटांत धरून समोर नेली. काकांनी चष्मा लावून तपासली आणि मान खाली घालून स्वतःच म्हणाले, "रिजेक्ट." काकू काय झालं ते ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "बरं झालं, वरून दूध नाई ओतलं," आणि हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांना तसं हसताना मी कितीतरी महिन्यांनी बघत होते, त्यामुळे मुंग्यांवरून भांडायचं ठरवून गेले होते ते राहूनच गेलं.

उन्हाळ्यात नाशिकहून बातमी आली. त्यांच्या मुलीला, पल्लवीला, दिवस गेले होते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, सगळ्यांनी आशा सोडली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दिवाळीनंतर ती पुण्याला येणार होती. काका पेढे घेऊन आले आणि मागोमाग काकूंचा हुकूमही सांगून गेले. बाळाची गोधडी काकांनी शिवायची, पण ती काकूंच्या नजरेला उतरली तरच बाळाखाली घालायची. नाहीतर सरळ दुकानातून आणायची.

"दुकानातली," काका म्हणाले. "आमच्या घरात. पॉलिस्टरची."

कामाला लागले बिचारे. काकूंची मऊ झालेली साडी, पल्लवीचा लहानपणीचा फ्रॉक आणि त्यांचा स्वतःचा कारखान्यातला निळा शर्ट. एवढीशी गोधडी, पण पावसाळाभर ती पूर्ण म्हणून होईना. रोज सकाळी काका टाके घालत, काकू खुर्ची जवळ ओढून बघत, आणि दुपारपर्यंत ते सगळं उसवलेलं असे. काकांचं बाजारात जाणं सुटलं, सोसायटीच्या मीटिंगा सुटल्या. मिशाही उतरल्यासारख्या दिसू लागल्या.

श्रावणात एक दिवस मी त्यांचा डबा परत करायला गेले. काका औषधं आणायला बाहेर गेले होते. गोधडी काकूंच्या मांडीवर होती. मी ती हातात घेतली आणि बघतच राहिले. एकेक ओळ सरळ, एकेक टाका दुसऱ्याच्या मापाचा. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काकू, याला नावं ठेवायला जागा कुठे आहे? कशाला छळताय त्यांना?"

काकूंनी आधी दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाल्या, "कोणाले सांगू नको बाई. यांची पहिली पाळी असली की मी झोपेत. रात्रपाळी असली की हे झोपेत. सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम. रिटायर झाले तर सोसायटीचं गेट. लग्न झाल्यापासून हे माझ्यापाशी एवढे कधी बसलेच नाई. पास केली की उठतीन."

"आणि बाळ?"

"थेच तर," काकू म्हणाल्या. "दिवाळीले पास तर कराच लागन. बाळाले दुकानातली कशी घालू मी?" आणि त्यांनी गोधडी माझ्या हातातून काढून घेतली.

घरी येऊन मी भांडी घासलेली असूनही परत घासली. रडू येत होतं, रागही येत होता, आणि तो कुणाचा ते कळत नव्हतं. त्यानंतर पावसाळा सरला, दसरा झाला, तशी मला दिवाळी नकोशी वाटू लागली.

पाडव्याच्या सकाळी काकांनी आम्हा दोघांना फराळाला बोलावलं. म्हणाले, "वार्षिक आढावा आहे, वेळेवर या." आम्ही गेलो. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. चकलीची बशी आमच्या हातात देऊन त्यांनी सुरुवात केली.

"गेल्या वर्षी सुईत दोरा ओवायला मला अख्खी सकाळ लागली. आता चष्मा सापडला की लगेच ओवतो. चष्मा सापडायला सकाळ लागते. बोटं टोचून घेण्याचं प्रमाण घटलंय, अंगुस्तानाची सवय झाली. तयार माल थोडा, पण त्यातली एक गोधडी मुंग्यांनाही पसंत पडली. कच्च्या मालाच्या बाबतीत समोरच्या घराकडून सहकार्य नाही. वहिनींची ओढणी अजून वापरातच आहे."

"आणि राहील," मी म्हटलं.

"नोंद घेतली. आता शेवटचा विषय." काकांनी कपाटातून बाळाची गोधडी काढली आणि काकूंच्या मांडीवर ठेवली. "पल्लवी परवा येतेय. काय ते सांग."

काकूंनी गोधडी उलटून बघितली. थरथरतं बोट एका ओळीवरून शेवटपर्यंत नेलं, मग दुसऱ्या ओळीवरून. फार वेळ लावला त्यांनी. मी नवऱ्याचा हात धरून बसले होते, आणि त्याला त्याचं कारण माहीत नव्हतं.

"पास," काकू म्हणाल्या.

नवऱ्यानं चकली तोंडात धरून टाळ्या वाजवल्या. काका नुसते खुर्चीत बसले. वर्षभर ज्या शब्दासाठी बोटं टोचून घेतली, तो ऐकून माणसाचा चेहरा असा उतरावा?

मग पाडव्याचं औक्षण झालं. काकूंच्या हातात तबक हलायला लागलं तसं काकांनी ते खालून धरलं आणि दोघांनी मिळून काकांना ओवाळलं. म्हणजे निम्मं ओवाळून त्यांनी स्वतःच घेतलं. तबक खाली ठेवल्यावर ते म्हणाले, "पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट सांगायचं राहिलं. एकच गोधडी. आपल्या दोघांची. डबल बेडची. तुझ्या सगळ्या जुन्या साड्या आणि टाका याच्यापेक्षा निम्मा बारीक."

"एका वर्षात नाई होणार," काकू म्हणाल्या.

"मग त्याच्या पुढच्या वर्षात."

"पल्लवी येईन, बाळ होईन, पाहुणे येतीन. तुम्ही कधी बसणार?"

"बाळ झोपलं की बसू. तू शेजारी लागशील. बारीक टाका मला एकट्याला जमायचा नाही." काकूंनी मान खाली घातली आणि बाळाच्या गोधडीची घडी करू लागल्या. ती नीट होत नव्हती, तरी काका मदतीला गेले नाहीत. करू दिली.

निघताना काका दारापर्यंत आले. कुणाला सांगू नको असं काकूंनी बजावलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. मी हळूच म्हटलं, "काका, एक सांगू? श्रावणातच ती गोधडी..."

"सरळ झाली होती," काका म्हणाले. "माहीत आहे. सगळी नोकरी तपासणीत काढली, वहिनी. चांगला माल नापास केलेला मला कळणार नाही?"

"मग रोज उसवत कशाला बसलात?"

त्यांनी मागे वळून काकूंकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "भांडलो असतो, तर तिनं पास केली असती."

मग ते आत गेले आणि काकूंच्या खुर्चीशेजारी आपली खुर्ची ओढून बसले.