शेवग्याच्या फांदीची पुढची तारीख

रविवार, सकाळचे दहा. स्थळ : सावेडीतल्या आमच्या कॉलनीचं पार्किंग. हजर : मी (चिटणीस), भालेराव काका (तक्रारदार), शेख मास्तर (सामनेवाले). बाकीचे सभासद आपापल्या घरी पोहे खात.

"शेख मास्तर हाऽजिर होऽऽ"

मास्तर काकांच्या शेजारच्याच खुर्चीत होते. "भालेराव, मी इथंच बसलोय."

"तिसरा पुकारा व्हायचाय. तवर तुमी गैरहजर."

भालेराव काका मूळचे सोनईचे. नगरच्या कोर्टात शिपाई होते. दाराबाहेर पुकारे करण्यात नोकरी सरली. निवृत्तीनंतर आवाज तेवढा शिल्लक राहिला. कायद्याची शंका आली की कॉलनी त्यांच्याकडेच जाते. मागे कुलकर्णी वहिनींनी विचारलं, "काका, पोलिसाला स्कूटीची किल्ली काढून घेता येते का हो?"

"येत न्हाई. पर हेल्मेट घातलं हुतं का?"

"नव्हतं."

"मग कायदा झोपलाय, त्याला झोपू द्या."

त्यांची स्वतःची तक्रार एकच. मास्तरांच्या शेवग्याची फांदी भिंतीवरून काकांच्या अंगणात येते. काका म्हणतात, आपल्या हद्दीतली फांदी आपल्याला तोडता येते, शेंगा मात्र झाडवाल्याच्या. म्हणून पडलेल्या शेंगा सुतळीनं बांधून ते 'मुद्देमाल' म्हणून मास्तरांकडे जमा करतात. दुपारी मास्तरांच्या पत्नी शबानाभाभी त्याच शेंगांची आमटी करतात आणि डबा भिंतीवरून देतात. काकू गेल्यापासून रविवारी काकांकडे गॅस पेटत नाही. डबा घेताना ते न चुकता बजावतात, "आमटी घेतली म्हंजे तक्रार मागं घेतली, असं समजू नये."

मला विषय लोंबकळत ठेवायला आवडत नाही. मास्तरांना आधीच सांगून ठेवलं होतं, या रविवारी निकाल लावायचा. तिसरा पुकारा झाला तसं मास्तरांनी पिशवीतून करवत काढून काकांपुढच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

"घ्या. कायदा तुमच्या बाजूनं आहे. तोडा आणि मिटवा एकदाचं."

काका करवतीकडे बघत राहिले. "भाभींना इचारलं का?"

"तीच म्हणाली, कटकट संपवा."

"धार न्हाई हिला," काका म्हणाले. पात्याला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. "आन् फांदीला फुलं हायेत."

"फुलांना कुठला कायदा, भालेराव?"

"मॅडम, तारीख द्या," काका मला म्हणाले. कोर्टाच्या आवारात घुमलेला तो आवाज जेमतेम ऐकू आला.

मास्तर म्हणाले, "द्या मॅडम, तारीख द्या. आणि भालेराव, आजपासून जेवायला घरीच येत जा. भिंतीवरून डबा देताना तिचे खांदे दुखतात."

"असं कसं येनार? काय समन्स हाय का?"

मास्तर उठले, आपल्या घराच्या फाटकापाशी गेले आणि तोंडाशी हात धरून ओरडले, "भालेराव हाऽजिर होऽऽ"

पहिल्याच पुकाऱ्याला काका उठले.

करवत खुर्चीवरच राहिली होती. सध्या ती माझ्या माळ्यावर आहे. धार लावून मास्तरांना परत द्यायची आहे. इतिवृत्तात नोंद : बाकी.