‘माहीत नाही’ शिकवणारे थोरातसर

आमच्या औषध कंपनीत आलेल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला थोरातसर पहिल्याच दिवशी एक वाक्य मोठ्यानं म्हणायला लावत: ‘मला माहीत नाही.’

विक्रीवाले औषध विकतात. आमचा वैद्यकीय विभाग डॉक्टरांना त्या औषधाचं खरं शास्त्र सांगतो. उद्या हा विभाग चालवतील अशी माणसं घडवायचं काम सरांकडे होतं. त्यासाठी मुख्य कचेरीनं गरुडांची आणि शिखरांची चित्रं घातलेले नेतृत्वाचे धडे पाठवले होते. सर म्हणाले, “गरुड ऱ्हाऊ द्या त्याच्या जागी.” आणि आम्हाला ओळीनं उभं केलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, याविषयी अधिक अभ्यास सुरू आहेत.

“ही पळवाट हाय. परत म्हणा, डॉक्टर.”

एमडी झालेला मी बालवाडीतल्यासारखा परत म्हणालो. चहा घेऊन आलेला माणूस दारातूनच मागं फिरला.

सर इस्लामपूरचे, तिथूनच रोज साताऱ्याच्या आमच्या कचेरीत येऊन-जाऊन करत. एरवी इंग्रजी झकास, पण रागावले किंवा खूश झाले की गावची बोली सुरू. दोन्हींतलं नेमकं काय, ते चेहऱ्यावरून ओळखावं म्हटलं, तर चेहरा कायम एकच.

सांगलीत मधुमेहाच्या नव्या गोळीवर माझं पहिलं भाषण होतं; सर सोबत आले होते, मागच्या रांगेत बसले होते. एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, मूत्रपिंड बरंच बिघडलेल्या रुग्णाला ही चालेल का? पहिल्या रांगेतून आमचे विक्री-व्यवस्थापक अशी मान डोलवत होते, की नंदीबैलानं लाजावं.

“माहीत नाही,” मी म्हणालो. “तशा रुग्णांवर अभ्यासच झालेला नाही. तो होईपर्यंत देऊ नये.”

मग ते डॉक्टर म्हणाले, आता बाकीचंही तुमचं खरं मानायला हरकत नाही. व्यवस्थापक मात्र दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी सर आणि मी परत निघालो. गाडी गावाबाहेर पडल्यावर सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “लय ब्येस.” चेहरा तोच.

इस्लामपूरला त्यांनी गाडी घराकडं वळवली. जेवूनच जायचं म्हणाले. पत्नी वारल्यापासून सर एकटेच राहतात आणि मुलगी परदेशात असते, एवढं मला ठाऊक होतं. दाराला कुलूप, आणि आतून कुणीतरी बातम्या देत होतं.

“सर, रेडिओ चालूच राहिला.”

“ऱ्हायला न्हाई, ठिवलाय.” ते किल्ली चाचपत होते. “दार उघडताना आत कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं.”

आत जाऊन त्यांनी रेडिओ बंद केला, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “हां. बोला आता.”