तिसऱ्या फुलाचा पूर

जूनच्या पहिल्या आठवड्यात तेव्हेन नदीचं पाणी चढू लागलं, तेव्हा ब्रेव्हाँ नगरपालिकेसमोर एकच गंभीर प्रश्न होता. गावाच्या वेशीवरच्या पाटीवर फुलं दोनच होती आणि पलीकडच्या काठावरच्या गावाच्या पाटीवर तीन.

सुंदर गावांना अशी फुलं बहाल करणारं परीक्षक मंडळ गुरुवारी येणार होतं. नगराध्यक्ष पोंसोलेत यांना पलीकडची पाटी त्यांच्या न्हाणीघरातून दिसते. गेली कित्येक वर्षं हा माणूस डोळे मिटून दाढी करतो.

अशा वेळी धक्क्यावर राहणाऱ्या मादाम ओदिल ग्रांव्हो कचेरीत आल्या. म्हाताऱ्या, एकट्या, नवरा होडीवाला होता, तो गेला. राहिलं होतं ते घर, अगदी पाण्याला लागून.

"वाळूची पोती द्या," त्या म्हणाल्या. "अग्निशामकांच्या शेडमध्ये नुसती पडली आहेत."

"देतो की, मादाम. शुक्रवारी."

"पाणी उद्या घरात येईल."

"मादाम, पोती कशी दिसतात हे तुम्हाला माहीत आहे. गाव फुलांचं आणि दारात पोती? परीक्षक काय म्हणतील?"

"मग नदीलाच शुक्रवारी यायला सांगा. तुमचं ऐकेल ती, मतं तुम्हालाच देत असेल."

नगराध्यक्षांना हे लागलं. माणूस वाईट नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी तातडीची सभा बोलावली. आमच्याकडे सभा कोणतीही असो, शेवटी पांढरी वाइन आणि चीजचे गोळे असतात, त्यामुळे आम्ही सगळे सदस्य हजर होतो आणि विषय लवकर संपावा अशी सर्वांचीच इच्छा होती.

ठराव माणुसकीला धरून झाला. पोती द्यावीत, मात्र त्यांत जिरेनियमची रोपं लावावीत, म्हणजे ती पोती न दिसता कुंड्या दिसतील. सौंदर्य खात्याच्या उपाध्यक्षा मादाम क्लोतिल्द यांनी एक रास्त मुद्दा मांडला: वाळूत जिरेनियम जगत नाही. म्हणून वाळू काढून खतमाती भरायचं ठरलं. मुळाशी पाणी साचलं तर रोप कुजतं, म्हणून प्रत्येक पोत्याला खालून भोकं पाडायचंही ठरलं.

"भोकं?" ओदिलबाईंनी मागच्या बाकावरून विचारलं. "अहो, पाणी अडवायला पोती मागितली मी."

"बाहेरचं पाणी वेगळं, मादाम, आणि रोपाचं वेगळं," क्लोतिल्दबाई समजुतीने म्हणाल्या. "त्यांची गल्लत करू नका."

सकाळी पोती दाराशी रचली. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू? पण पुरातत्त्वाच्या नियमाप्रमाणे चौकटीवरचं कोरीव काम झाकता येत नाही, आणि ओदिलबाईंच्या चौकटीवरची कोरीव वेल अगदी खालपासून सुरू होते. तेव्हा वरचे थर काढले. एकच थर उरला. दुपारी नगरपालिकेचा टँकर आला आणि रोपं कोमेजू नयेत म्हणून त्यांना पाणी घालून गेला. तेव्हा नदी रोपांपासून हातभर अंतरावर होती.

गुरुवारी परीक्षक आले तेव्हा धक्का पाण्याखाली होता. ओदिलबाईंच्या दारातून तेव्हेन आत शिरत होती आणि आत बाहेर सगळीकडे जिरेनियम तरंगत होते. बाई वरच्या मजल्याच्या खिडकीतून दोन्ही हात हलवून ओरडत होत्या, "होडी पाठवा, होडी!"

"त्या काय म्हणतायत?" परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं.

"स्वागत करतायत," नगराध्यक्ष म्हणाले. "होडीवाल्यांचं घराणं आहे. जुनी पद्धत."

अध्यक्षांचे डोळे पाणावले. फुलांचा आणि पाण्याचा इतका धाडसी संगम आपण कुठेच पाहिला नाही, असं त्यांनी जागच्या जागी जाहीर केलं. तिसरं फूल मिळालं. मंडळाची अट एवढीच की ही रचना दरवर्षी कायम ठेवावी. अग्निशामकांनी ओदिलबाईंना उतरवलं ते वाइन संपल्यावर, कारण तेही सत्काराला होते.

त्यांचं घर आता फुलांचा वारसा म्हणून नोंदलं गेलं आहे. तळमजला कोरडा ठेवणं नियमात बसत नाही. बाईंना पलीकडच्या गावच्या वृद्धाश्रमात खोली मिळवून दिली. मी भेटायला गेलो तेव्हा त्या नदीकडच्या खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. सभेतही वाटलं होतं, पण तोंडात चीजचा गोळा होता.

त्या दिवशी परीक्षकांनी काढून इंटरनेटवर टाकलेला फोटो तुम्ही पाहिला आहे. पाण्यातलं दार, तरंगती लाल फुलं, खिडकीत हात हलवणारी आजी. तुम्ही त्यावर बदाम टाकलात आणि खाली लिहिलंत, "निवृत्तीनंतर अस्संच शांत घर हवं." नगरपालिका अशा सूचनांची दखल घेते. घर आता पाहुण्यांना भाड्याने दिलं जातं आणि जूनच्या पहिल्या आठवड्याचं तुमचं आरक्षण पक्कं झालं आहे. खोली तळमजल्यावर आहे.