आकडेरावांची वजाबाकी

पाण्याचे मीटर वाचणाऱ्या त्या कारकुनाला सगळी गल्ली आकडेराव म्हणायची. त्या रविवारी बायकोने त्यांच्यावर एकच काम सोपवलं, तेही भीतभीत.

"अहो, केक तांबूस झाला की ओव्हनमधून काढा. ताई पहिल्यांदा येतेय. तिच्यासमोर माझं नाक कापू नका."

ती अंघोळीला गेली. आकडेराव ओव्हनसमोर स्टूल टाकून बसले. (बसले, हे खरं. पुढचं ऐका.)

तेवढ्यात साडूंचा फोन. ते ताईंबरोबर बसमध्ये होते.

"पाहिलंत ना काल? आमच्या लांबूने तीन गोल ठोकले!"

बर्फावरच्या हॉकीतले दोन नामांकित फॉरवर्ड म्हणजे या दोघा साडूंचा जुना तंटा. त्यांचा लाडका लांबू, आकडेरावांचा बुटका.

"गोल काय मोजता साडूसाहेब! गोल आंधळ्यालाही होतो," आकडेराव उसळले. "माणूस बर्फावर असताना आपले किती झाले, आपल्यावर किती बसले, त्याची वजाबाकी करा. तीही मिनिटामागे! लांबू उतरला की आपल्याच गोलकीपरचं कंबरडं मोडतं!"

स्वयंपाकघरात धूर दाटला. आकडेरावांनी एका हाताने तो बाजूला सारला आणि ते बुटक्याची मिनिटं मोजू लागले.

"अगं बाई! केक की कोळसा?" बायको ओल्या केसांनी धावली. दारावरची घंटा तेव्हाच वाजायची होती.

ताईंनी कोळसा पाहिला, बहिणीचे भरलेले डोळे पाहिले.

"रडतेस काय वेडे? भाऊजींची वजाबाकी अख्ख्या बसने ऐकली. चल, आपल्या नवऱ्यांची लावू. आमच्या ह्यांनी आजवर दोन पातेली जाळली, एक बरणी फोडली."

"तीन!" आकडेरावांचा चेहरा उजळला. "माझा एकच केक. जिंकलो!"

"मिनिटामागे, अहो," बायको म्हणाली. "दाजी रोज रांधतात. लग्न झाल्यापासून तुम्ही राखीव खेळाडूंच्या बाकावर. बर्फावर आज पहिल्यांदा उतरलात."

साडू खो खो हसले आणि बाह्या सरसावून दुसऱ्या केकची अंडी फेटायला लागले. ताई ओट्याला टेकून हसत होत्या. बायकोही हसली.

"मग मी काय करू?" आकडेरावांनी विचारलं.

"बाकावर बसून टाळ्या वाजवा, भाऊजी."

आकडेरावांनी जोरात टाळी वाजवली. कोपर लागून अंड्यांचं भांडं फरशीवर.

बायकोने मागे वळूनही पाहिलं नाही.

"दोन," ती म्हणाली.