शब्दाला दोन साक्षीदार

शिवलिंगप्पा मापाडी शब्दालासुद्धा साक्षीदार मागत असत. लातूरच्या अडतीत ज्वारीची मापे टाकण्यात हयात घालविलेला हा गृहस्थ उतारवयात चिंचोक्यांच्या नादी लागला. प्रत्येक चिंचोक्यावर चुन्याने एकेक अक्षर लिहिलेले. थैलीत हात घालून सात काढावयाचे आणि त्यांतून शब्द लावावयाचे. काना, मात्रा, वेलांटी ज्याच्या त्याच्या मर्जीने. अक्षर मात्र थैलीतलेच.

मी तहसील कचेरीसमोरच्या निंबाखाली बसणारा अर्जनवीस. उर्दू चौथीपर्यंत माझे शिक्षण झालेले असून, निजाम सरकारात उर्दूवाचून कोणाचे ऐकले जात नसल्यामुळे पंचक्रोशीतील गाऱ्हाण्यांना माझ्याच लेखणीने तोंड फुटत असे. दुपारी साहेब नमाजेला उठले की अप्पा थैली घेऊन माझ्या चटईवर हजर. "हं, काढा सात!"

कोश आमच्याजवळ नव्हता. असता तरी अप्पांनी तो मानला नसता. "बुकातला शब्द कोन बोललंय? मानसाच्या तोंडचा पायजे." तेव्हा कायद्याचा जाणकार या नात्याने मीच नियम घालून दिला, की शंका आल्यास प्रत्येक शब्दाला दोन साक्षीदार द्यावेत आणि घरच्या माणसाची साक्ष धरू नये. अप्पा खूश झाले. "लई पक्कं काम केलं, अर्जनवीस!"

एकदा र, क, ट, ब, ल, प, स अशी अक्षरे आली. मी 'पाटील' लावून मिशीवर हात फिरवितो तोच अप्पांनी 'पोरकट' लावले.

"साक्षीदार?"

"रेणापूरची एक बाई. भर अडतीत नवऱ्याला म्हनली."

"दुसरा?"

"नवरा की! त्यानं ऐकलं न्हाई व्हय?"

मंजूर करावे लागले.

पुढे एके दिवशी द, म आणि क एकाच डावात आले. अप्पांचा हात थोडा थांबला. मग त्यांनी तिन्ही चिंचोके हळूच ओळीत ठेवले आणि म्हणाले, "दुमकी."

"हे काय?"

"भाकरी झाल्यावर काटवटीत पीठ उरतं ना, त्याची शेवटची लहान भाकर."

"तिला चानकी म्हणतात."

"गंगव्वा दुमकी म्हनायची."

गंगव्वा म्हणजे अप्पांची पत्नी, निलंग्याकडची. तिला जाऊन सहा वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. परंतु मी त्या डावात एका शब्दाने पुढे होतो. "घरची साक्ष. नामंजूर," असा निकाल मी दिला. अप्पांनी चिंचोके उचलून थैलीत टाकले.

त्या दिवसापासून अडतीत निलंग्याकडची गाडी येऊन थांबली की अप्पा बैलांपाशी उभे.

"पावनं, उरल्या पिठाच्या भाकरीला तुमच्यात काय म्हनत्यात?"

"चानकी."

"दुसरं काही?"

"दुसरं काय म्हनावं, म्हाताऱ्या? खाऊन टाकावं!"

दोन वर्षे हे चालले. एकदा चटईवर बसता बसता ते म्हणाले, "तिच्या माहेरात बी कोनी उरलं न्हाई. आता ह्यो शब्द माझ्या एकट्याच्या तोंडात हाय. मी गेलो की गेला."

त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही. दुसऱ्या दिवशी मी गंभीरपणे साक्ष दिली, की निलंग्याकडील एक बाई अर्ज लिहवून घेण्यास आली असता तिच्या तोंडून हा शब्द मी स्वतः ऐकला. तिचे नाव, बापाचे नाव, वय, राहणार, सर्व तपशील दिला.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतले. "साक्ष खोटी हाय."

"कशावरून?"

"खऱ्या साक्षीदाराला इतकं नीट सांगता येत न्हाई."

माझ्या धंद्यातील कसबाचा एवढा अपमान कोणत्याही हाकिमाने केला नव्हता. तरीही, का कोण जाणे, मी त्यांना घरी जेवावयास येण्याचा आग्रह केला.

ते आले. पाने मांडली. अप्पा मान खाली घालून जेवत होते. चुलीपुढून माझी पत्नी सहज बोलली, "दुमकी कुणाला वाढू? तुमाला का अप्पाला?"

अप्पांचा घास हातातच राहिला. माझाही. नामंजूर केलेला तो शब्द फुशारकीने मीच घरी सांगितला होता. तो दोन वर्षे माझ्याच चुलीपाशी नांदत होता आणि माझ्या कानावर रोज पडूनही माझे लक्ष नव्हते.

"अप्पा, ही घरची साक्ष," मी चाचरत म्हणालो.

"तुमच्या घरची," अप्पा म्हणाले. "माझ्या घरची न्हाई."

मग ते चुलीकडे वळले. "माय, पुन्यांदा म्हना बरं."

"काय?"

"तेच. आत्ता म्हनलात ते."

ती गोंधळली, पदर सावरून पुन्हा म्हणाली, "दुमकी वाढू का?"

अप्पांनी दोन्ही हात पुढे केले. दुसरा साक्षीदार त्यांनी मागितला नाही.